मटारचा वेल खाली आणताना

तराजूसाहेबांना स्वयंपाक येत नव्हता असं म्हणणंसुद्धा त्यांना उगाच मोठेपणा दिल्यासारखं आहे. एखादी गोष्ट येत नाही हे कळायलाही ती कधीतरी करून बघावी लागते. साहेबांनी उभ्या संसारात गॅस एकदाच पेटवला होता, तोही सिलिंडर गळतोय का हे तपासायला, आणि त्या दिवसाचा विषय घरात नंतर कोणी काढत नसे.

ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजाराच्या वळणावर ते नुसते दिसले तरी दुकानदार पारड्याखाली चिकटवलेली चिंचेची गोळी काढून पटकन तोंडात टाकत. बिल्डिंगमध्ये त्यांना तराजूसाहेब म्हणत. अर्थात पाठीमागे. पण पाठीमागे इतक्या मोठ्याने म्हणत की त्यांना ते समोरूनही ऐकू येई. खरं नाव काय ते टपालवाल्याला माहीत असावं, आणि त्यालाही खात्री नव्हती.

साहेबांचा एकच षोक होता. गच्चीवर त्यांनी रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या आणि एक जुना पत्र्याचा टब मांडून त्यात भाजीपाला लावला होता. ज्या ऋतूत जे येईल ते. पिकवायचं साहेबांनी, शिजवायचं बायकोने आणि मीठ कमी पडलंय हे सांगायचं पुन्हा साहेबांनी, अशी कामाची वाटणी होती आणि ती अनेक वर्षं सुरळीत चालली होती. मग बायकोला ताप आला. साधा नव्हे, चांगला लांबलेला, दवाखान्यात ठेवावं लागलेला ताप. तो गेला, पण जाताना तिची भूक बरोबर घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाले, "औषधं संपली. आता खायला घाला. सोमवारी वजन करू. आणखी उतरलं तर मात्र पुन्हा दाखल करावं लागेल, नळी लावावी लागेल."

साहेब खाली बसून डॉक्टरांच्या वजनकाट्याच्या पोटाखाली डोकावत होते.

"काही हरवलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिक्का बघतोय."

शिक्का होता. मुदतीतला होता. काटाही बिनचूक होता. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा काटा खोटा निघावा असं साहेबांना मनापासून वाटलं आणि नेमका तोच खरा निघाला. घरी येताना गाडीत बायको बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अहो, मला परत तिथे ठेवू नका हं." तिने आजवर साहेबांकडे साधी साडीसुद्धा मागितली नव्हती. साहेब "हॅट, काहीतरीच" म्हणाले, आणि घरी पोचल्याबरोबर त्यांनी तिचा एप्रन अंगात घातला. तो मागे बांधता येईना म्हणून पुढेच गाठ मारली.

पहिल्या दिवशी पालक केला. टोपलीभर कोवळा पालक गच्चीवरून आणला, आणि शिजल्यावर पातेल्याच्या तळाशी चमचाभर हिरवं काहीतरी उरलं. हयात वजनमापे खात्यात घालवलेल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. हे सरळसरळ मापात पाप होतं, आणि केस कोणावर करायची तेही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी टोमॅटोचं सूप केलं. मिक्सरला झाकण असतं, हे मिक्सर सुरू झाल्यावर लक्षात आलं. छतावरून ओघळून जे खाली आलं ते वाटीत धरून साहेब बायकोपुढे उभे राहिले.

तिने एक चमचा घेतला. "छान आहे," म्हणाली आणि चमचा खाली ठेवला.

ही बाई हॉटेलातल्या आचाऱ्याला टेबलाशी बोलावून चार शब्द सुनावणारी. ती छतावरच्या सुपाला छान म्हणते, म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी मटार उकडला. थंडीचे दिवस होते आणि टबातला वेल शेंगांनी लगडला होता. नुसतं मिठाचं पाणी आणि वरून बोटभर लोणी. बायकोने दोन दाणे चावले, जरा थांबली, आणि म्हणाली, "पिठूळ लागतायत."

साहेबांना हर्ष झाला. आजारी पडल्यापासून तिने दिलेलं हे पहिलं मत होतं! म्हणजे जीभ जागी होती. आता फक्त पीठ घालवायचं होतं.

समोरच्या दारात मास्तर राहत. ते निवृत्त चित्रकला-शिक्षक. त्यांच्याकडे स्वतःची एक कुंडीही नव्हती, त्यामुळे शेतीबद्दल ते अगदी मोकळ्या मनाने बोलू शकत. "साहेब, ऐका माझं," मास्तर म्हणाले, "मटारची शेंग वेलावरून तुटली की तिच्यातली साखर त्या क्षणापासून पीठ व्हायला लागते. पाणी आधी उकळत ठेवा, मग तोडायला जा. तोडली की धावत सुटा."

साहेबांनी घरी पाणी उकळत ठेवलं, गच्चीवर गेले, शेंगा तोडल्या आणि, लिफ्ट गोगलगायीसारखी म्हणून, जिन्यानेच धावत सुटले. ते चौथ्या मजल्यापर्यंत धावले. चौथ्या मजल्यावर दार उघडं होतं. "काय म्हणते तब्येत?" आता घरात माणूस आजारी असताना कोणी तब्येत विचारली तर धावता धावता उत्तर देता येत नाही, थांबावं लागतं, चेहरा जरा पाडावाही लागतो. तिसऱ्या मजल्यावर वहिनी भेटल्या. वहिनी म्हणजे सगळ्या बिल्डिंगच्या वहिनी. त्यांनी आपल्या चुलतसासूच्या आजारपणाची हकिगत सुरुवातीपासून सांगितली. चुलतसासू त्यातून वाचल्या नव्हत्या, पण तिथपर्यंत पोचायला वेळ लागला. दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांना तब्येतीशी कर्तव्य नव्हतं, गच्चीवरून गळणाऱ्या पाण्याशी होतं. साहेब पहिल्या मजल्यावर घरी पोचले तेव्हा पातेल्यातलं पाणी आटून गेलं होतं आणि शेंगांच्या बाबतीत निसर्गाने आपलं काम चोख बजावलं होतं.

"पिठूळ," बायको म्हणाली. या वेळी तिने एकच दाणा चावला होता.

मटार चुलीकडे येत नसेल तर चूल मटारकडे न्यावी, हा विचार कोणालाही सुचला असता. साहेबांनी सहलीचा छोटा गॅस गच्चीवर नेला. पाण्याला आधण यायच्या आत सेक्रेटरी आले. या गृहस्थाला नाक नव्हतं, त्या जागी नोटीस बोर्ड होता.

"गच्चीवर अग्नी पेटवायला मनाई आहे."

"अग्नी कुठे? मटार उकडतोय."

"मटार उकडायला अग्नीच लागतो ना? की तुमच्या खात्यात काही वेगळी सोय आहे?"

"अहो, आजारी माणसासाठी आहे."

"मला मान्य आहे साहेब. माझी पूर्ण सहानुभूती आहे. पण उद्या तुमच्यामागे चौथा मजला भजी तळायला बसेल, त्याला मी काय सांगू?"

साहेबांनी गॅस बंद केला. चौथा मजला खरंच बसला असता.

राहता राहिला एकच मार्ग. शनिवारी रात्रीचं जेवण, म्हणजे बायकोने परत पाठवलेलं जेवण, खाता खाता साहेबांना तो दिसला. मटार तोडायचाच नाही. सगळा वेल, टबासकट, मांडवासकट, जिवंत स्वयंपाकघरात आणायचा, गॅसशेजारी उभा करायचा आणि शेंग तुटली की थेट उकळत्या पाण्यात. मध्ये एक श्वासही जायला नको. परवा सोमवार होता. दुसरं काही करून बघायला वेळही नव्हता.

रविवारी सकाळी साहेब लिफ्टच्या परवानगीसाठी सेक्रेटरींकडे गेले.

"लिफ्ट माणसांसाठी आहे," सेक्रेटरी म्हणाले. "सामान चालणार नाही."

"वेल सामान नाही. वेलाला जीव आहे."

सेक्रेटरी थबकले. असा मुद्दा त्यांच्या कारकिर्दीत आला नव्हता. त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात सगळे नियम चाळले आणि डोळे उघडले. "जीव आहे म्हणता, तर मग पाळीव प्राण्यांचा नियम लागू होईल. मालकाने स्वतः बरोबर असलं पाहिजे, आणि इतर रहिवाशांना त्रास होता कामा नये."

"चावत नाही तो," साहेब म्हणाले.

लिफ्ट जुनी होती. जाळीच्या विहिरीतून जाळीचा पाळणा वरखाली व्हायचा आणि जिना त्या विहिरीला वळसे घेत चढायचा. आत एक पितळी पाटी होती, जास्तीत जास्त किती वजन चालेल ते सांगणारी. आता वजन म्हटल्यावर साहेब साहेब झाले. त्यांनी मातीचं वजन काढलं, पाण्याचं काढलं, पत्र्याचं काढलं, मांडवाच्या काठ्यांचं आणि वेलाचं काढलं, आणि चोख काम म्हणून शेंगांचंही धरलं. बेरीज पाटीवरच्या आकड्याच्या किंचित आत बसली. साहेबांना फार समाधान वाटलं. घरी पाणी उकळत ठेवून, दार ओढून घेऊन, किल्ली खिशात टाकून ते वर गेले. वॉचमन आणि इस्त्रीवाल्याने टब गच्चीवरून चौथ्या मजल्यापर्यंत आणला, मांडव वाकवून लिफ्टमध्ये बसवला आणि दोघं टब उतरवून घ्यायला जिन्याने खाली निघाले. साहेब नियमाप्रमाणे मालक म्हणून आत शिरले. वेलाने त्यांच्या कानाला हलकेच विळखा घातला. त्यांनी बटण दाबलं.

लिफ्ट चौथ्यावरून निघाली, तिसरा मजला गेला, आणि मग एखाद्या सुनेला माहेरची आठवण यावी तशी एक उसासा टाकून थांबली.

ती अशी थांबली होती की साहेबांचा वरचा अर्धा भाग तिसऱ्या मजल्याला दिसत होता आणि खालचा अर्धा दुसऱ्याला. त्यामुळे पुढे जी चर्चा झाली तीही दोन वेगळ्या पातळ्यांवर झाली. वर वहिनी साहेबांच्या डोक्याशी बोलत होत्या, खाली सेक्रेटरी त्यांच्या चपलांशी.

"भाऊजी, घाबरू नका! खोल श्वास घ्या!"

"साहेब, लिफ्टमध्ये उड्या मारल्या होत्या का?" सेक्रेटरींनी चपलांना विचारलं. चपला जरा मागे सरकल्या.

"मी म्हणालोच होतो," मास्तर म्हणाले. ते काहीही म्हणाले नव्हते.

लिफ्टवाल्याला फोन गेला. तो "निघालोच" म्हणाला. जो माणूस निघालोच म्हणतो त्याने अजून आंघोळीचं पाणीसुद्धा काढलेलं नसतं हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून लोकांनी जिन्यात ऐसपैस जागा धरल्या. सेक्रेटरींनी चौकशी मात्र पुढे चालू ठेवली.

"साहेब, वजन बघितलं होतं ना?"

"म्हणजे काय!" साहेबांचा आवाज वरून आला, दुखावलेला. "माती, पाणी, पत्रा, काठ्या, वेल. शेंगासुद्धा धरल्यात. पाटीच्या आत आहे सगळं."

"आणि तुमचं?"

साहेबांनी पितळी पाटी पुन्हा वाचली. तराजूसमोर उभं राहणाऱ्या माणसाला आपण स्वतः पारड्यात बसलोय असं कधी वाटत नाही, आणि साहेब तर उभा जन्म तराजूसमोर उभे होते. इस्त्रीवाला हसला. सेक्रेटरींनी त्याच्याकडे रागाने बघितलं आणि मग स्वतःच भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

एवढ्यात वहिनींनी जाळीतून दोन बोटं घालून एक शेंग तोडली. "अय्या, गोड आहे हो!" त्यांनी जाहीर केलं. झालं. जाळीला चारी बाजूंनी बोटं फुटली. "वहिनी, हे आजाऱ्याचं आहे!" साहेब ओरडत इकडचे हात झटकायला गेले की तिकडून दुसरे आत येत. सेक्रेटरी खालून म्हणाले, "तपासणीपुरती एक द्या." साहेब टबाभोवती हात पसरून उभे राहिले. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिच्या तोंडात एक दाणा नाही आणि सगळी बिल्डिंग चघळतेय, या विचाराने त्यांना रडू कोसळायचंच बाकी होतं. आणि तेव्हाच त्यांना पाणी आठवलं.

"गॅस!" ते किंचाळले. "माझा गॅस चालू आहे!"

"किल्ली?" मास्तरांनी विचारलं.

किल्ली साहेबांच्या पँटच्या खिशात होती. खिसा टब आणि जाळी यांच्यामध्ये दाबला गेला होता आणि तिथे हात पोचत नव्हता. मास्तर पहिल्या मजल्यावर धावले आणि दारावर दोन्ही मुठी मारू लागले. "ताई! गॅस! ताई! उठता येतंय का? गॅस!" बिल्डिंगभर तो आवाज घुमला. साहेबांनी जाळीला कपाळ टेकलं. ती गेले कित्येक दिवस भिंतीला धरूनच मोरीपर्यंत जात होती. आता ती घाईघाईने उठेल, घेरी येऊन पडेल, आणि उद्याची वाट न बघता आजच दाखल करावं लागेल. तेही साहेबांच्या हुशारीमुळे. त्यांना स्वतःची विलक्षण चीड आली.

दाराचा आवाज झाला. मग जिन्यात सावकाश पावलं वाजू लागली, दोन पायऱ्या चढून थांबणारी, पुन्हा चढणारी. लोक बाजूला सरकले. अंगावर शाल, एक हात कठड्यावर, अशी साहेबांची बायको दुसरा मजला ओलांडून वर आली आणि लिफ्टच्या बरोबरीच्या पायरीवर जाळीला टेकून बसली. ती धापा टाकत होती.

"ताई, तुम्ही कशाला आलात हो!" वहिनी म्हणाल्या. तिने हातानेच त्यांना गप्प केलं.

"अहो."

"हं," साहेब पानांमधून म्हणाले.

"गॅस बंद केलाय. पातेलं जळून कोळसा झालंय. काय चाललंय हे?"

"मटार."

"लिफ्टमध्ये?"

"तोडल्याबरोबर त्याचं पीठ होतं म्हणे. म्हणून तोडलाच नाही. म्हटलं वेलच घेऊन यावा." साहेबांनी जाळीत बोटं अडकवली. "उद्या सोमवार आहे गं."

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. कानात वेल, पोटावर तिच्याच एप्रनची गाठ, चष्मा वाकडा. मग जाळीला हात लावून म्हणाली, "द्या एक."

"कच्ची?"

"आता काय लिफ्टमध्ये उकडणार आहात? द्या म्हणते ना."

साहेबांनी वेलावर शोधून, दाबून बघून, भरलेली शेंग तोडली आणि जाळीतून सरकवली. तिने ती अंगठ्याने उकलली आणि दाणे तोंडात टाकले. सगळा जिना तिच्या जबड्याकडे बघत होता. साहेबांच्याने विचारवेना.

"गोड आहे," ती म्हणाली आणि हात पुन्हा पुढे केला.

मग साहेब तोडत गेले आणि ती सोलत गेली. तिच्या मांडीवर टरफलांचा ढीग झाला. "ती नको, निबर आहे. मागची बघा. अहो मागची, पानाआडची, तुमच्या नाकासमोर आहे!" ती जाळीतून बोट दाखवत होती आणि साहेब टबाभोवती अंग चोरून गोल फिरत होते. कोणाचीही बोटं आता आत आली नाहीत. उलट वॉचमनने आपल्या खिशातल्या चार शेंगा काढून मुकाट्याने पायरीवर ठेवल्या, आणि सेक्रेटरींनीही ठेवल्या. त्यांनी त्या कधी घेतल्या ते कोणी बघितलं नव्हतं.

शेवटी वेलावर काही उरलं नाही. तिने टरफलं चाचपून बघितली, त्यांतही काही नव्हतं. मग जराशा रागानेच ती म्हणाली, "मला भूक लागलीय."

वहिनी तोंडावर हात ठेवून घरात पळाल्या. त्या वेळी त्यांच्या हाताला जे लागलं ते त्या घेऊन आल्या. फ्रिजमधली परवाची बटाट्याची भाजी आणि कडेने वाळलेली पोळी.

"परवाची?" साहेबांनी जाळीला नाक लावून विचारलं. "गार? अगं, गरम तरी करून घे! वहिनी, मी चार दिवस ताजं ताजं..." कोणी लक्ष दिलं नाही. ती जेवत होती. घाईने, तोंडात घास असतानाच पुढचा घास मोडत, भूक लागलेली माणसं जेवतात तशी. वाटी पुसून तिने वर बघितलं. "अजून आहे?"

लिफ्टवाला आला तेव्हा दुसरी वाटी चालू होती. त्याने वर जाऊन काहीतरी ठोकलं आणि ओरडून सांगितलं, "खाली येत नाहीये हो साहेब! आधी वर घेतो!"

लिफ्ट हिसका देऊन वर निघाली. पायरीवरची टरफलं, मग बायकोचा खांदा, मग डोकं हळूहळू साहेबांच्या पायांखाली गेलं. तिने मान वर केली नाही, तिचं लक्ष वाटीत होतं. तिसरा मजला गेला. साहेबांनी रिकाम्या वेलाच्या मांडवाला हात टेकला आणि ते रडले. डोळे पाणावले वगैरे नाही. चांगले हुंदके देऊन, नाक ओढत, इतक्या दिवसांचं सगळं रडले. बरोबर वेलाशिवाय कोणी नव्हतं, हे एक बरं होतं.

चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. साहेबांनी दार आतून घट्ट धरून ठेवलं.

"साहेब!" खालून सेक्रेटरींचा आवाज आला. "दार उघडा! लिफ्ट अशी अडवून ठेवता येणार नाही!"

मग बायकोचा आवाज आला, तोंडात घास असल्यासारखा.

"राहू द्या हो त्यांना जरा वरच."